दोन वह्यांमधले नाते मोजायचे कसे?



रमजान जवळ आला की जमातीच्या खजिनदारांच्या घरी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप चालू असतो. पूर्वी कापडी बांधणीच्या वह्या असत, आता एक्सेलच्या फायली आहेत. काही ठिकाणी मोहल्ल्यातल्या एखाद्या इंजिनिअर मुलाने रीतसर डेटाबेस करून दिलेला असतो. एका कोष्टकात कुटुंबे, दुसऱ्यात बैतुलमालमधून झालेले वाटप, तिसऱ्यात मुलांच्या शिक्षणासाठी आलेले अर्ज. प्रत्येक कोष्टक आपापल्या जागी ठीक असते. गडबड होते ती दोन कोष्टके जोडताना. पडद्यावर चुकीची सूचना येत नाही, संगणक तक्रार करत नाही, यादी सुबक छापून निघते. फक्त त्या यादीत एखादे घर नसते.

दोन कोष्टकांमध्ये नाते आहे असे आपण म्हणतो, ते कशावरून? बहुतेक जण उत्तर देतात, 'दोन्हीकडे कुटुंब क्रमांक हा रकाना आहे ना!' पण रकान्याचे नाव सारखे असणे हा नात्याचा पुरावा नाही. नाते मोजावे लागते. आणि ते मोजता येते, ही गोष्ट संगणकशास्त्रातल्या एका साध्या कल्पनेमुळे शक्य झाली आहे.

1970 च्या जूनमध्ये एडगर कॉड यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॉड मूळचे इंग्रज, अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक होते. त्या काळी संगणकात माहिती साठवताना एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारी वाट आधीच आखून ठेवावी लागे. वरून खाली झाडासारखी रचना, किंवा नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता. वाट बदलायची तर सगळे प्रोग्रॅम बदला. कॉड म्हणाले, वाटा काढून टाका. सगळी माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. या कोष्टकातली ओळ त्या कोष्टकातल्या ओळीशी जोडायची असेल तर दोन्हीकडे एकच किंमत लिहिलेली असली की पुरे. आज बँक, रेल्वे, रुग्णालय, मोबाईल कंपनी, सगळीकडे हीच पद्धत आहे. या कामासाठी त्यांना 1981 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. 'रिलेशनल' या शब्दातले 'रिलेशन' म्हणजे दोन कोष्टकांमधले नाते, असे पुष्कळ शिकवणीवर्गांतही सांगतात. कॉड यांच्या लेखी 'रिलेशन' ही गणितातली संज्ञा होती आणि तिचा अर्थ जवळजवळ एक कोष्टक असाच होता. कोष्टकांमधल्या नात्याला त्यांच्या पद्धतीत वेगळी दोरी नाहीच. एकीकडे 57 लिहिले आहे, दुसरीकडेही 57 लिहिले आहे, एवढेच नाते. म्हणून तर ते तुटले तरी आवाज होत नाही. आणि म्हणूनच ते मोजता येते, कारण किती ठिकाणी किंमत जुळते आणि किती ठिकाणी नाही, हे मोजणे संगणकाचे डाव्या हातचे काम आहे.

उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही जमातीचे नाहीत. समजा कुटुंबांच्या कोष्टकात 240 ओळी आहेत. वाटपाच्या कोष्टकात 310 ओळी, दर वेळी रक्कम दिली की एक ओळ. दोन्हीकडे 'कुटुंब क्रमांक' आहे.

सुरुवात कुटुंबांच्या कोष्टकापासून करायची. 240 ओळींत वेगवेगळे क्रमांक किती? उत्तर 240 यायला हवे. आले 238. म्हणजे दोन क्रमांक दोनदा आले आहेत. का? कदाचित दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांनाही वडिलांचाच क्रमांक राहिला. कदाचित एकच घर दोन वर्षी दोनदा लिहिले गेले. हे संगणक सांगू शकत नाही. मोहल्ल्यात विचारावे लागते.

मग वाटपाचे कोष्टक. 310 पैकी 9 ओळींत क्रमांकाचा रकाना रिकामा. उरलेल्या 301 ओळींत वेगवेगळे क्रमांक 92. त्यांपैकी 87 क्रमांक कुटुंबांच्या कोष्टकात सापडतात, 5 सापडत नाहीत. या पाच क्रमांकांच्या मिळून 14 ओळी आहेत. ज्या ओळीचा मालक दुसऱ्या कोष्टकात सापडत नाही तिला डेटाबेसच्या भाषेत 'अनाथ' ओळ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला असला तरी आपल्या बाबतीत तो अनेकदा शब्दशः खरा ठरतो, कारण अशा ओळी कशा तयार होतात ते पाहा. कुटुंबप्रमुखाचे निधन होते. कोणीतरी चांगल्या हेतूने यादी 'अद्ययावत' करतो आणि मय्यताच्या नावाची ओळ काढून टाकतो. त्या ओळीबरोबर कुटुंब क्रमांकही जातो. मागे राहिलेली बीवी आणि मुले वाटपाच्या कोष्टकात आहेत, पण आता त्यांचे घरच यादीत नाही.

रिकाम्या 9 ओळींचेही असेच. नवरा गेल्यावर किंवा तलाक झाल्यावर मुलांना घेऊन माहेरी आलेली बहीण जमातीच्या यादीत वेगळे कुटुंब नसते. ती भावाच्या घरात राहते. तिला मदत दिली जाते तेव्हा लिहिणारा विचार करतो, क्रमांक कोणाचा टाकू? भावाचा टाकला तर भावाला जकात दिल्यासारखे दिसेल. मग तो रकाना मोकळा सोडतो.

आता ही दोन कोष्टके जोडून 'कोणत्या घराला किती मिळाले' अशी यादी काढली तर काय होते? नेहमीची जोडणी, जिला इनर जॉईन म्हणतात, ती फक्त जुळणाऱ्या ओळी दाखवते. 9 रिकाम्या आणि 14 अनाथ, अशा 23 ओळी गुपचूप गळतात. राहिल्या 287. पण दोनदा आलेले दोन क्रमांक आठवतात का? समजा त्या दोन क्रमांकांवर वाटपाच्या 5 आणि 6 ओळी आहेत. त्या प्रत्येकी दोन ठिकाणी जुळतात, म्हणजे 11 ओळी जास्त दिसतात. यादीत एकूण ओळी 298. खजिनदार मनात म्हणतात, 310 होत्या, 298 आल्या, थोडा फरक असायचाच. फरक 12 चा दिसतो, प्रत्यक्षात बिघडलेल्या ओळी 34 आहेत. एका बाजूची गळती आणि दुसऱ्या बाजूची वाढ एकमेकींना झाकतात. माझ्या मते जमातीच्या हिशेबातला हा सर्वांत धोक्याचा प्रकार, कारण बेरीज जवळपास जुळते आणि जुळणाऱ्या बेरजेकडे कोणी पुन्हा पाहत नाही.

म्हणून जोडणी करण्याआधी हे आकडे कागदावर लिहून काढा: दोन्हीकडच्या ओळी, वेगवेगळे क्रमांक, रिकामे, जुळणारे, न जुळणारे. डेटाबेस असेल तर लेफ्ट जॉईन करून दुसऱ्या बाजूला काही न मिळालेल्या ओळी मागवा. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस असेल तर वाटपाच्या प्रत्येक ओळीपुढे काउंटइफ हे सूत्र लावा: हा क्रमांक कुटुंबांच्या रकान्यात किती वेळा आला? उत्तर 1 हवे. 0 आले तर अनाथ, 2 आले तर क्रमांक दोनदा दिला गेला. व्हीलुकअप या सूत्रावर मात्र या कामासाठी विसंबू नका. ते पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबते. कुटुंबांच्या यादीतून वाटपाच्या यादीत व्हीलुकअप केले तर सहा वेळा मदत मिळालेल्या घरापुढे एकाच वेळची रक्कम दिसेल.

नाते उलट्या बाजूनेही मोजायचे असते. 238 पैकी 87 क्रमांकांना काही ना काही मिळाले, 151 ना काहीच नाही. हे वाईट आहे का? नाही. गावातली बरीच घरे जकात देणारी असतील, घेणारी नव्हेत. एका बाजूने पाहिले तर प्रत्येक ओळ जुळलीच पाहिजे, दुसऱ्या बाजूने तशी सक्ती नाही. आकडा काढला की प्रत्येक बाजूला वेगळा प्रश्न विचारायचा: इथे न जुळणे चूक आहे की स्वाभाविक?

याच ठिकाणी एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी लोकही अडकतात. 'ज्यांना या वर्षी काहीच मिळाले नाही अशी कुटुंबे दाखव' असा प्रश्न एसक्यूएल या भाषेत बहुतेक जण 'नॉट इन' वापरून विचारतात, म्हणजे 'ज्यांचा क्रमांक वाटपाच्या क्रमांकांत नाही ते'. आपल्या वाटपात 9 क्रमांक रिकामे आहेत. डेटाबेस रिकाम्या जागेला 'नल' म्हणतो आणि तिचा अर्थ शून्य नव्हे, 'माहीत नाही' असा घेतो. मग तो प्रत्येक कुटुंबाबद्दल असा विचार करतो: हा क्रमांक यादीत दिसत नाही खरा, पण त्या रिकाम्या जागेत हाच असेल तर? ठाम 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून ते कुटुंब तो दाखवतच नाही. असे 151 च्या 151 वेळा. उत्तर येते: शून्य ओळी. पडद्यावर पाहणारा माणूस समजतो, अल्हम्दुलिल्लाह, कोणीच वंचित नाही! एकच रिकामी जागा असती तरी हेच झाले असते. इलाज सोपा आहे. 'नॉट इन'ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा, किंवा रिकाम्या जागा आधी बाजूला काढा. पण रिकाम्या जागा आहेत हे मोजल्याशिवाय कळणार कसे?

आता एका कुटुंबामागे ओळी किती. 287 ओळी, 87 क्रमांक, सरासरी साधारण 3.3. सरासरीवर समाधान मानू नका. सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती, हे पाहा. एका घराला 24 वेळा आणि चाळीस घरांना एकदाच मिळाले असेल तरी सरासरी तशीच दिसेल. 24 वेळा मिळणे चुकीचेच असेल असेही नाही, घरात डायलिसिसचा रुग्ण असू शकतो. पण ते माहीत असावे.

एकास एक, एकास अनेक, अनेकास अनेक असे नात्यांचे प्रकार पुस्तकांत शिकवतात. 1976 मध्ये पीटर चेन यांनी अशी नाती आकृतीने दाखवण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून चौकटी आणि रेषा काढून डेटाबेस आखतात. आकृती चांगली असते, पण ती आखणाऱ्याच्या मनातली असते. प्रत्यक्षात काय लिहिले गेले, ते मोजल्यावरच कळते.

एकास अनेक हे नाते एकाच वेळी दोन बाजूंना असले की काय होते, याचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात नुकसान नेमके गरजू घराचेच होते. एक विधवा बहीण आहे. तिला वर्षात चार वेळा हजार-हजार रुपये मिळाले, एकूण 4000. तिची तीन मुले शिकतात, म्हणून शिक्षणाच्या कोष्टकात तिच्या घराचे तीन अर्ज आहेत. कमिटीसमोर ठेवायला कोणीतरी तिन्ही कोष्टके एकदम जोडतो: कुटुंब, वाटप आणि अर्ज. वाटपाची प्रत्येक ओळ प्रत्येक अर्जाशी जुळते. चार गुणिले तीन, बारा ओळी. बेरीज 12,000 रुपये. शेजारच्या घरालाही 4000 मिळाले आहेत, पण त्यांचा एकच अर्ज आहे, त्यांच्यापुढे 4000 च दिसतात. बैठकीत यादी वाचली जाते. 'या बाजींना बारा हजार दिले आहेत, या वेळी दुसऱ्यांना देऊ,' असे कोणी म्हणाले तर त्यात कोणाचा खोटेपणा नाही. शिकणारी मुले जास्त म्हणून तिची मदत फुगून दिसली आणि फुगून दिसली म्हणून कापली गेली. यावर उपाय असा की आधी वाटपाची प्रत्येक कुटुंबासाठी बेरीज करून घ्यायची, अर्जांची मोजणी वेगळी करून घ्यायची, आणि मग प्रत्येक कुटुंबाची एकच ओळ राहिलेली ही दोन कोष्टके कुटुंबांशी जोडायची. एक सोपी तपासणीही आहे: जोडणीनंतरची एकूण रक्कम मूळ वाटपाच्या कोष्टकातल्या एकूण रकमेशी ताडून पाहा. रुपया इकडचा तिकडे झाला तरी थांबा.

जुळणी जास्त आली म्हणजे नाते पक्के, असेही नाही. कुटुंबांचे क्रमांक 1 ते 240 आहेत आणि पावत्यांचे क्रमांक 1 ते 310. चुकून पावती क्रमांक कुटुंब क्रमांकाशी जोडला तर 1 पासून 240 पर्यंत सगळे जुळतील! मोजमाप उत्तम, अर्थ शून्य. ज्या कोष्टकात ओळींना 1, 2, 3 असे अनुक्रमांक दिले आहेत ते दुसऱ्या कोणत्याही अशा कोष्टकाशी जुळते. म्हणून जुळलेल्यांपैकी दहा-पंधरा ओळी डोळ्यांनी वाचा. इकडचे नाव आणि तिकडचे नाव एकाच घराचे आहे का?

आणि क्रमांकच नाहीत, नावावरूनच जोडायचे आहे, असे असेल तर फार सावध राहा. आपल्या नावांची लिखाई संगणकासाठी कठीण आहे. शेख आणि शैख, मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते 'मो.', कधी नावापुढे बी, कधी खातून, कधी बानो, लग्नाआधीचे आडनाव आणि नंतरचे. एक फाईल मराठीत, दुसरी इंग्रजी अक्षरांत. देवनागरीतही गंमत आहे: लतीफ़ या नावातला नुक्त्याचा 'फ़' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि एक 'फ' अधिक नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. नावाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही जुळणी मोडते. उलट एकाच गावात एकाच नावाचे तीन जण सहज निघतात आणि ते एक समजले जातात. नाव हे हाक मारण्यासाठी आहे, जोडण्यासाठी क्रमांकच हवा.

नोंदवहीचे हे काम आपल्याला परके नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत 'दिवान' सुरू झाला, त्यात लोकांची नावे आणि त्यांना बैतुलमालमधून मिळणारी रक्कम लिहिली जाई. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराहमधली, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे.

ज्यांच्याकडे रीतसर डेटाबेस आहे त्यांनी तो करून देणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: फॉरेन की लावली आहे का? ही की म्हणजे अट. वाटपात जो कुटुंब क्रमांक टाकाल तो कुटुंबांच्या कोष्टकात असलाच पाहिजे, नाहीतर नोंद घेतली जाणार नाही. ही अट असेल तर अनाथ ओळ तयारच होत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिकामी जागा या अटीतून सुटते, तिच्यासाठी 'हा रकाना रिकामा चालणार नाही' अशी वेगळी अट लागते. आणि एसक्यूलाईट हा फुकट मिळणारा, छोट्या कामांसाठी फार वापरला जाणारा डेटाबेस ही तपासणी आपणहून करत नाही. अट लिहिलेली असली तरी ती मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते.

अट लावताना कुटुंबाची ओळ काढली तर काय करायचे, हेही ठरवावे लागते. एक पर्याय: वाटपाच्या नोंदी असतील तर ओळ काढूच द्यायची नाही. दुसरा: कुटुंबाबरोबर त्याच्या वाटपाच्या सर्व नोंदीही पुसायच्या. तिसरा: नोंदी ठेवायच्या, क्रमांक रिकामा करायचा. दुसऱ्या पर्यायात हिशेबाच्या पावत्याच नाहीशा होतात आणि तिसऱ्यात वर पाहिलेल्या रिकाम्या जागा वाढतात. अमानतीच्या पैशाला पहिलाच पर्याय योग्य. ओळ काढायचीच नाही. कुटुंबप्रमुख बदलला तर नाव बदला, क्रमांक तोच ठेवा. घर गाव सोडून गेले तर 'नोंद बंद झाल्याची तारीख' असा रकाना ठेवा. आणि माहेरी आलेल्या बहिणीला भावाच्या छताखाली राहत असली तरी स्वतःचा क्रमांक द्या. क्रमांक चुलीवरून ठरवायचा की गरजेवरून, हा निर्णय कमिटीचा आहे. मी गरजेच्या बाजूने आहे.

काही जण विचारतील, इतकी मोजदाद करताना गरजूंची नावे चारचौघांत उघडी पडणार नाहीत का? मोजायला नावे लागतच नाहीत. रिकाम्या किती, अनाथ किती, दोनदा आलेले किती, जास्तीत जास्त किती ओळी, हे आकडे कमिटीसमोर ठेवता येतात. नावाची यादी खजिनदार आणि आणखी एका विश्वासू माणसापाशी राहू द्या. वर म्हटलेली दहा-पंधरा ओळींची पडताळणीही त्या दोघांनीच करावी.

आपल्या उदाहरणातल्या पाच अनाथ क्रमांकांचे पुढे काय करायचे? तिथे संगणकाचे काम संपते. जुनी फाईल किंवा जुनी वही काढून ते क्रमांक कोणत्या घरांचे होते ते पाहायचे आणि त्या पाच घरी कोणीतरी जाऊन यायचे. पुरुषमाणूस नसलेल्या घरी जायचे असेल तर सोबत मोहल्ल्यातली एखादी खाला किंवा आपा असावी. यादी छापायला देण्याआधी हे झाले पाहिजे.